विस्तवाला विटाळ कसला?

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी एक मागणी केली. भंगीकाम आपल्याला करू द्यावे, ही ती मागणी! ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी उपोषणाचा मार्ग धरला, आणि त्यांच्यासाठी येरवड्याच्या कारागृहात गांधीजींनीही अन्न वर्ज्य केले. स्वराज्याचा रस्ता संडासावरून जातो, हे कोकणच्या या गांधींनी त्या काळी ओळखले होते. आज गोबर गॅसचा विचार करताना आम्हांला त्यांचीच आठवण होते.

हा गॅस काही नवलाची वस्तू नव्हे. मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लावण्यात आले. आरंभ मैल्यापासून झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले, खादी-ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले आणि १९८१-८२ पासून राष्ट्रीय योजनाही आली. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ प्रतिष्ठानने हजारो घरांच्या अंगणात ही संयंत्रे उभी केली. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या चुलीपासून तेथील गृहिणींची सुटका झाली आणि पिकांना उत्तम खतही लाभले. थंड प्रदेशात हिवाळ्यात हा वायू आखडतो. आपल्या उबदार किनारपट्टीवर ती अडचण फारशी नाही.

मग अडते कोठे? अडते ते गोठ्यात. सुमारे पंचवीस किलो शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो आणि चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर तरी लागतो. नांगर धरणाऱ्या बैलांची जागा यंत्राने घेतली, तरुण मुले शहरांकडे गेली, आणि दावणीला एखादेच जनावर उरले. एका गाईच्या शेणावर चूल कशी पेटावी?

उत्तर परसात आहे. संडास संयंत्राला जोडला की तूट थोडीफार तरी भरून निघते. पुण्याजवळ देहू येथे डॉ. मापुस्कर यांनी आयुष्यभर हेच काम केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. परंतु हे सुचविताच आपली भिवई वर चढते. ‘त्या गॅसवर देवाचा नैवेद्य?’ असा प्रश्न येतो. आम्ही उलट विचारतो, ज्या शेताला सोनखत पडते, त्याच शेतातला तांदूळ नैवेद्याच्या पानावर येतो ना? बंद टाकीत सूक्ष्म जीव मैल्याचे विघटन करतात, आणि बाहेर येतो तो ज्वलनशील मिथेन. त्याची निळी ज्योत कोणत्या जातीची? खरा विटाळ आहे तो सच्छिद्र जांभ्यातून विहिरीकडे झिरपणाऱ्या शोषखड्ड्यांचा. तो मात्र आपण मुकाट्याने पितो. टाकीतून निघणाऱ्या मळीत रोगजंतू उरू शकतात, हे खरे. म्हणून ती पुरेशी कुजवून, वाळवूनच शेतात घालावी आणि भाजीपाल्यापासून दूर ठेवावी. ही दक्षता झाली, सोवळे नव्हे.

गोव्यात साळगाव येथील प्रकल्प २०१६ पासून गावोगावच्या ओल्या कचऱ्यापासून वायू काढतो, त्यापासून वीज होते. पर्यटकांच्या ताटातले उष्टे आपणांस त्यासाठी चालते. मग आपल्याच घरचे का न चालावे?

सरकारचाही दोष आहेच. अनुदान बांधणीला मिळते, देखभालीला कोणी विचारत नाही. टाकी किती बांधल्या याची मोजदाद होते. किती पेटतात याची व्हावी. दर पंचायतीने एक जाणता कारागीर नेमावा, गंजलेली टाकी व तुंबलेली नळी दुरुस्त करणे त्याच्याकडे सोपवावे. पैसा फार लागणार नाही.

मनाची दुरुस्ती मात्र पंचायत करू शकत नाही. अप्पासाहेबांनी ती तुरुंगात उपाशी राहून करू पाहिली. आपल्याला उपाशी राहायचे नाही. केवळ चूल पेटवायची आहे.