कांद्यास दिवसाची लांबी कशी कळते?

लाजाळूची पाने स्पर्शाने मिटतात, सूर्यफुलाचे कोवळे रोप सूर्याकडे वळते, हे सर्वांच्या नजरेस येते. परंतु वनस्पतीस दिवस लहान की मोठा हेही कळते, व शेतकऱ्याचा नफातोटा पुष्कळदा त्यावरच अवलंबून असतो. कांद्याचे पीक हे याचे उत्तम उदाहरण होय.

फुलोरा केव्हा यावा हे दिवसाच्या लांबीवर ठरते, असे १९२० साली गार्नर व ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांनी दाखवून दिले. कांद्यात याच कारणाने गड्डा धरतो. दिवसाची लांबी पात ओळखते. मग नवी पात येणे थांबते आणि पानांचे बुडखे अन्न साठवून फुगू लागतात. कांदा कापल्यावर दिसणारे पापुद्रे बहुतांशी हे बुडखेच होत.

युरोपातील पुष्कळ वाणांना १४ तासांहून मोठा दिवस लागतो. नाशिककडे जूनमधील सर्वांत मोठा दिवसही सुमारे १३ तास २० मिनिटांचाच. तेथे अशा वाणाची नुसती पात वाढते. महाराष्ट्रातील वाणांचे सुमारे ११ ते १२ तासांवर भागते. खरिपाचा कांदा मात्र दिवस लहान होत असताना पोसतो, म्हणून त्या हंगामास एन-५३ किंवा बसवंत-७८० असे वाण घ्यावेत. रब्बीचे बी स्वस्त मिळाले म्हणून खरिपात टाकणे हा तोट्याचाच व्यवहार.

रब्बीत लागणीची तारीख महत्त्वाची. फेब्रुवारीत दिवस लांबतो, ऊन वाढते आणि रोप लहान असले तरी गड्डा धरू लागतो. उशिरा लावलेल्या रोपास तेव्हा पाने थोडी. साहजिकच पापुद्रे थोडे व कांदा गोटीएवढा. ही उणीव खताने भरून निघत नाही. उलट उशिरा दिलेल्या नत्राने माना जाड राहतात व कांदा चाळीत सडतो. यास्तव लागण डिसेंबर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी.

मग रोपे फार आधी टाकावीत काय? तेही नव्हे. जाड बुडख्याच्या रोपास काही आठवडे १० ते १५ अंश सेल्सिअसची थंडी लागली की ते फुलाचा दांडा काढते. हेच डेंगळे. कोवळ्या रोपास ही थंडी सहसा बाधत नाही. म्हणून सात-आठ आठवड्यांचीच रोपे लावावीत. वाफ्यात राहून पेन्सिलीहून जाड झालेली रोपे, फुकट मिळाली तरी, नाकारावीत. डेंगळ्याचा दांडा मोडला तरी तो कांदा साठवणीत टिकत नाही. काढणीच्या वेळी असे कांदे वेगळे काढून आधी विकावेत.