ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेक पॅड

गाडी पळवायची हौस सगळ्यांना, ती थांबवायचा विचार फार थोड्यांना! माझ्या दादाला कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर स्वतःची हॅचबॅक चालवायची होती. म्हणून द्रोणागिरीत आमच्या बिल्डिंगखालीच आम्ही पुढचे डिस्क पॅड बदलले.

आधी थोडं फिजिक्स. १००० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की साधारण ३८६ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. ताशी ५० वरून याच्या फक्त चौथा हिस्सा! ब्रेकिंगचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि करी ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, त्यामुळे डिस्क गार व्हायला उसंतच नाही. साधे पॅड अशा वेळी पकड सोडतात. ट्रॅकचे पॅड जास्त तापमान सोसतात, पण काही पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. ते लावून रोज बाजारात जाणं धोक्याचंच.

काम तसं सोपं. चाकांना विटा लावा, नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक आणि खाली स्टँड. नुसत्या जॅकवर विश्वास नको. कॅलिपर सोडवला की तारेने टांगून ठेवायचा, होजवर लोंबकळू द्यायचा नाही. पॅडची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू आत ढकलताना वर टाकीकडे लक्ष ठेवा, ब्रेक ऑइल उतू जाऊन रंगावर सांडलं तर रंग गेलाच. आमच्याकडे खाडीची खारी हवा, म्हणून कॅलिपरच्या पिना नीट बघाव्या लागतात. पिन अडकली की एकच पॅड झिजतो.

आता खरी गोष्ट, जी बरेच जण विसरतात. नवे पॅड आणि जुनं ब्रेक ऑइल ही जोडी ट्रॅकवर चालत नाही. हे 'ऑइल' म्हणजे तेल नव्हेच, ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शिरल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. ते उकळलं की वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर दोष बहुधा तापलेल्या पॅडचा. हा फरक लक्षात ठेवा! ऑइल बदलताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं. बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला भिंत. पॅड डिस्कवर बसवायला मात्र आमचे रस्ते वापरू नका. ते मोकळे दिसले तरी न्हावा-शेवा बंदराचे ट्रेलर कधी वळतील सांगता येत नाही. पॅडच्या कंपनीने सांगितलंय तसं ते ट्रॅकवरच, सुरुवातीच्या हळू फेऱ्यांत करा. आणि तापलेली गाडी पिटमध्ये उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून विटा लावा.