मनगटी घड्याळाची परीक्षा : घरच्या घरी

घड्याळ 'बरोबर' आहे असे म्हणताना आपण दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत करतो. घड्याळ या क्षणी किती पुढे वा मागे आहे, ही त्याची चूक. ती चूक रोज किती वाढते, ही त्याची चाल. चूक काटे फिरवून दुरुस्त होते. घड्याळाची खरी पारख होते ती चालीवरून.

चाल मोजायला सूर्य चालेल का? इस्लामपूरचा रेखांश सुमारे ७४° १६′ पूर्व, तर भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ या रेखांशाची. एका अंशाला ४ मिनिटे धरली तर इस्लामपूरची मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३३ मिनिटांनी होते. परंतु पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार व आस कललेला असल्याने ती फेब्रुवारीच्या मध्यास १२.४७ च्या, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२.१७ च्या सुमारास येते. शिवाय सावलीची कड पुसट असते. म्हणून सूर्यावरून सेकंद मोजता येत नाहीत.

तारा मात्र बिंदूसारखा दिसतो. रोज तो त्याच जागी ३ मिनिटे ५५.९ सेकंद लवकर येतो. म्हणजे १० दिवसांत ३९ मिनिटे १९ सेकंद.

मे महिन्याच्या सुरुवातीला रात्री पश्चिमेकडे व्याध ठळक दिसतो. पश्चिमेस सुमारे २० मीटरवर असलेल्या घराच्या गच्चीची कड निवडा. पुठ्ठ्याला २ मिलिमीटरचे छिद्र पाडून तो खिडकीला पक्का बसवा व त्यातून पाहा. छिद्र नसेल आणि डोळा १ सेंटीमीटर वर-खाली झाला, तर सुमारे ७ सेकंदांचा फरक पडतो! तारा कडेआड दिसेनासा होताच घड्याळातील वेळ सेकंदांसह टिपा.

समजा, पहिल्या रात्री ८-४०-०० ही वेळ आली. दहा दिवसांनी ८-००-४१ यायला हवी. घड्याळात ८-००-५१ दिसले, तर ते १० दिवसांत १० सेकंद, म्हणजे रोज १ सेकंद पुढे जाते. निरीक्षणात २ सेकंदांची चूक झाली तरी चालीत ०.२ सेकंदाचाच फरक पडेल. मुदत वाढवली की तो आणखी घटेल.

क्वार्ट्‌झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. साधारण २५° सेल्सिअसपेक्षा तापमान बरेच वाढले वा उतरले, तर तो किंचित मंदावतो. म्हणून घड्याळ दहा दिवस मनगटावर, पुढील दहा दिवस टेबलावर ठेवून दोन्ही चाली ताडून पाहाव्यात.

वर्गात हा प्रयोग अनेक घड्याळांवर एकदम करावा. सर्वच घड्याळे सारखीच पुढे गेलेली दिसली, तर दोष घड्याळांत नसून निरीक्षणात शोधावा.