"मी कुठं जातेय?" : शहराच्या प्रवासाचं मॉडेल साधं हवं की तपशीलवार?

हा भाग तुम्ही बसमध्ये, लोकलमध्ये किंवा चालता चालता ऐकत असाल तर उत्तमच. कारण आज आपण बोलणार आहोत ते तुमच्या याच प्रवासाबद्दल.

सुरुवात एका जुन्या प्रसंगाने करते. कॉलेजात असताना एका सुट्टीत मी वाहतुकीच्या सर्व्हेचं काम केलं होतं. हातात फॉर्म घ्यायचा, घरोघरी जायचं आणि विचारायचं : काल घरातलं कोण कुठून कुठे गेलं, किती वाजता आणि कशाने?

एका घरात काकांनी दार उघडलं. स्वतःचं ऑफिस सांगितलं, मुलाची कंपनी सांगितली. काकूंना विचारलं तर त्या आतूनच म्हणाल्या, "मी कुठं जातेय? घरीच असते." मी त्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि निघाले. तेवढ्यात मागून हाक आली, "थांब गं, मी पण येते खाली. नातीला शाळेतून आणायचंय."

जिना उतरता उतरता सगळं कळलं. रोज सकाळी नातीला शाळेत सोडायचं, तिथून मंडईत जायचं, मग घरी. दुपारी परत शाळा आणि परत घर. म्हणजे दिवसाला पाच ट्रिपा, आणि माझ्या फॉर्मवर शून्य! मी जिन्यातच फॉर्म दुरुस्त केला. पण त्याआधीच्या घरांमध्ये असे किती शून्य लिहिले होते, ते कोण सांगणार?

आता तुम्ही म्हणाल, एका फॉर्मचं एवढं काय? तर अशाच फॉर्मांवरून प्रवासाचं मॉडेल बनतं. आणि बस कुठे वाढवायची, उड्डाणपूल कुठे बांधायचा, हे ठरवताना त्या मॉडेलचे आकडे टेबलावर असतात.

साधं मॉडेल म्हणजे काय?

सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं मॉडेल चार टप्प्यांचं आहे. त्याची पाळंमुळं १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांत सापडतात. आधी शहराचे तुकडे करायचे, त्यांना म्हणायचं झोन. मग चार प्रश्न. प्रत्येक झोनमधून किती ट्रिपा निघतात? त्या कुठल्या झोनला जातात? कशाने जातात, म्हणजे बस, ट्रेन, बाइक की कार? आणि शेवटी, कुठल्या रस्त्याने किंवा मार्गाने?

हे समजायला सोपं आहे आणि तुलनेने कमी डेटावर चालतं. पण यात एक गोची आहे. हे मॉडेल प्रत्येक ट्रिप सुटी धरतं. समजा तुम्ही सकाळी बाइकने ऑफिसला गेलात. संध्याकाळची ट्रिप मॉडेलसाठी वेगळीच, त्यामुळे ते तुम्हाला खुशाल बसने घरी पाठवू शकतं. बाइक राहिली ऑफिसच्या पार्किंगमध्ये! आणि काकूंची घर-शाळा-मंडई-घर ही साखळी? तिचे तीन सुटे तुकडे होतात. शाळा सुटायची वेळ चुकवता येत नाही म्हणून बाकी सगळं तिच्या भोवती बसवावं लागतं, हे त्यात कुठेच दिसत नाही.

मग तपशीलवार मॉडेल घेऊ की!

तसं मॉडेलही आहे. त्याला ॲक्टिव्हिटी-बेस्ड मॉडेल म्हणतात. ते कॉम्प्युटरमध्ये एक काल्पनिक शहर वसवतं, त्यात एकेक माणूस असतो आणि प्रत्येकाचा अख्खा दिवस. कोण कामावर जातं, कोण मुलांना सोडतं, घरातली एकमेव गाडी कोण नेतं. सॅन फ्रान्सिस्कोने २००१च्या सुमारास अशा पद्धतीचं मॉडेल प्रत्यक्ष वापरात आणलं.

ऐकायला भारी वाटतं, नाही का? मलाही वाटलं होतं. पण काकूंचा दिवस या मॉडेलला कळणार कुठून? त्याच फॉर्मवरून! फॉर्मवर शून्य असेल तर हे मॉडेलसुद्धा काकूंना दिवसभर घरीच बसवणार. फरक इतकाच की आता ती चूक जास्त सुबक दिसेल.

अलोन्सोचा हिशेब

विल्यम अलोन्सो नावाच्या अभ्यासकाने १९६८ साली नेमका हाच मुद्दा मांडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या चुका असतात. एक, खऱ्या जगातलं काहीतरी गाळल्याची चूक. मॉडेल तपशीलवार केलं की ती कमी होते. दुसरी, आत घातलेल्या आकड्यांतली चूक. मॉडेल गुंतागुंतीचं होत गेलं की ती साठत जाते.

एक साधं उदाहरण घेऊ. लोकसंख्या, गुणिले माणशी ट्रिपा, गुणिले त्या झोनकडे जाणाऱ्यांचा वाटा, गुणिले बसने जाणाऱ्यांचा वाटा. समजा चारही आकड्यांत साधारण १० टक्के चूक आहे आणि त्या चुकांचा एकमेकींशी संबंध नाही. तर उत्तरातली चूक साधारण २० टक्क्यांवर जाते. असे दहा आकडे गुणले तर ३० टक्क्यांच्याही वर. म्हणजे डेटा कच्चा असेल, तर एका मर्यादेनंतर जास्त तपशील घातल्याने अंदाज सुधारत नाही, बिघडतो. डेटा जितका पक्का, तितकी ती मर्यादा पुढे सरकते.

स्टॉकहोममध्ये काय झालं?

स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोममध्ये, २००६ साली जानेवारी ते जुलै एक प्रयोग झाला. शहराच्या मध्यभागात गाडी आत नेताना आणि बाहेर काढताना शुल्क, आणि गर्दीच्या वेळी जास्त. आधी मॉडेलवर अंदाज काढले होते. त्यात गाड्या रस्त्यांवर वाटून देणारा भाग जुन्या 'स्थिर' पद्धतीचा होता. या पद्धतीला एका चौकातला जॅम मागच्या चौकापर्यंत कसा पसरतो, ते दिसत नाही.

प्रत्यक्षात काय झालं? शुल्काच्या सीमेवरची वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली. वाहतूक किती घटेल आणि सार्वजनिक वाहतुकीचे प्रवासी कितपत वाढतील, याचे मॉडेलचे अंदाज नंतरच्या तपासणीत निर्णयापुरते बरोबर ठरले. तज्ज्ञांच्या नुसत्या अंदाजापेक्षा तर बरेच सरस. पण एका ठिकाणी मॉडेल सपशेल चुकलं. रांगेत जाणारा वेळ खूपच कमी झाला, आणि तेवढं त्याला आधी सांगता आलं नव्हतं.

मला यातून शिकण्यासारखं वाटतं ते हे. शुल्क कुठे लावायचं आणि त्याने वाहतूक कितपत घटेल, या प्रश्नांना ते मॉडेल पुरेसं होतं. 'या पुलावर माझी किती मिनिटं वाचतील?' असा प्रश्न असता, तर रांगा कशा वाढतात आणि ओसरतात हे दाखवणारं मॉडेल लागलं असतं. शहर तेच, मॉडेल तेच, पण एका प्रश्नाला चालतं आणि दुसऱ्याला नाही.

मग निवडायचं कसं?

मी स्वतःला तीन प्रश्न विचारते.

पहिला : ठरवायचंय काय? भाडं थोडं वाढवलं तर प्रवासी किती घटतील, एवढंच हवं असेल तर साधा हिशेबही चालतो. अमेरिकेत कित्येक वर्षं एक ठोकताळा वापरला गेला : भाडं ३ टक्के वाढलं की प्रवासी साधारण १ टक्का घटतात. आपल्याकडे तो जसाच्या तसा लावू नका, पण आपल्या शहराच्या नोंदींवरून असा आकडा काढता येतो. उलट शाळांच्या वेळा बदलायच्या असतील, तर घरातल्या सगळ्यांचा दिवस एकत्र बघावाच लागेल.

दुसरा : डेटा कुणाचा आहे? आपल्या २०११च्या जनगणनेत कामाला जायचं अंतर आणि साधन विचारलं होतं. माहिती उपयोगाची, पण फक्त कामाच्या प्रवासाची. मंडई, दवाखाना, नातीची शाळा त्यात नाही.

तिसरा : मॉडेल तपासलंय का? आधीच्या वर्षांचा डेटा देऊन, नंतर खरंच जे झालं ते त्याला सांगता येतं का? येत नसेल, तर स्क्रीनवर पळणाऱ्या रंगीत ठिपक्यांना भुलू नका.

आणि हो, खर्च करायला थोडेच पैसे असतील, तर आधी सर्व्हे नीट करा असं मी म्हणेन. 'कुठे गेला होतात?' एवढंच विचारून थांबू नका. 'सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?' असं विचारा. काकूंना मी तसं विचारलं असतं, तर जिना उतरेपर्यंत थांबावं लागलं नसतं.

आज घरी गेल्यावर एक करून बघा. आईला, आजीला किंवा घरी जे असतं त्यांना त्यांचा आजचा दिवस विचारा आणि ट्रिपा मोजा. किती निघाल्या ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!