पेसमेकरचा आकडा कसा वाचायचा? : टावीनंतरचा हार्ट ब्लॉक

सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपण आधी असा आकडा शोधतो जो प्रत्येक पेपरमध्ये सापडतो. टावीच्या संशोधनात तो आकडा म्हणजे, झडप बसवल्यावर किती जणांना पेसमेकर लागला. दिसायला एकदम सोपा. पण माझ्या मते इतका फसवा आकडा या विषयात दुसरा नाही.

टावी म्हणजे छाती न उघडता, बहुतेक वेळा जांघेतल्या धमनीतून कॅथेटर नेऊन महाधमनीची झडप बसवणं. 16 एप्रिल 2002 ला फ्रान्समधल्या रूआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी ती माणसावर पहिल्यांदा केली. यात कॅल्शियमने ताठरलेली जुनी झडप काढत नाहीत. नवी तिच्या आत उघडते आणि जुनीला बाजूला दाबते. गोम इथेच आहे. या झडपेच्या लगेच खाली एक पातळ पडदा असतो आणि त्याच्या कडेने हिस बंडल जातो, म्हणजे वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे वीज नेणारी मुख्य वायर. तिची डावी शाखा तिथेच फुटते. झडप जरा खोल बसली, किंवा पडदाच आखूड असला, की दाब थेट वायरवर. म्हणून टावीनंतर डाव्या शाखेचा ब्लॉक वारंवार दिसतो. आणि ज्याची उजवी शाखा आधीच बंद आहे त्याला धोका सर्वांत जास्त. एक फेज गेलेलाच होता, दुसराही गेला की घर अंधारात!

आता आकडे बघा. 2019 मध्ये कमी जोखमीच्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या. एव्होल्यूट ही आपोआप उघडणारी झडप; तिच्यात 30 दिवसांत 17.4 टक्के लोकांना पेसमेकर लागला, शस्त्रक्रियेच्या गटात 6.1 टक्के. पार्टनर 3 मध्ये फुग्याने उघडणारी सेपियन होती. तिथे हेच प्रमाण साधारण साडेसहा आणि चार टक्के. लगेच वाटतं, फुग्याची झडप सुरक्षित. थांबा. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हॅल हीसुद्धा फुग्यानेच उघडते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लँडमार्क चाचणीत 768 रुग्ण होते, आणि तिथे मायव्हॅलच्या गटात 15 टक्के, तर सेपियन-एव्होल्यूटच्या एकत्रित गटात 17 टक्के. फुगा तोच, मग आकडा दुपटीहून जास्त कसा? वेगळ्या चाचण्यांतले रुग्ण वेगळे, देश वेगळे, डॉक्टरांच्या सवयीही वेगळ्या. दोन चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून झडपांची तुलना करायची नसते, ती एकाच चाचणीतल्या दोन गटांची करायची असते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेसमेकर हा डॉक्टरांचा निर्णय असतो. वायरला नेमकी किती इजा झाली ते तो मोजत नाही. कुणी सूज उतरायची वाट बघतं, कुणी दुसऱ्याच दिवशी बसवून मोकळं होतं. काही महिन्यांनी तपासलं तर त्यातल्या बऱ्याच जणांचा ठोका पेसमेकरशिवाय नीट चाललेला असतो. उलटही घडतं. नवा डावा ब्लॉक घेऊन घरी गेलेला माणूस तक्त्यात 'पेसमेकर नाही' या रकान्यात बसतो, आणि काही दिवसांनी त्याला पूर्ण ब्लॉक होऊ शकतो. तो धंतोलीत राहत असेल तर ठीक, चक्कर आली की दहा मिनिटांत दवाखाना. भामरागडचा असेल तर? लवकर डिस्चार्ज देण्याचे नियम बहुतांशी परदेशात ठरलेत, तिथली रस्त्यांची आणि अ‍ॅम्ब्युलन्सची सोय गृहीत धरून.

म्हणून या विषयावर काम करणार असाल तर पेसमेकरच्या आकड्यासोबत ईसीजी मागा : आधीचा, लगेच नंतरचा, डिस्चार्जच्या दिवशीचा आणि महिन्याने. पीआर अंतर आणि क्यूआरएसची रुंदी लिहून ठेवा. आधीपासून पेसमेकर असलेले रुग्ण छेदातून वगळलेत का, तेही बघा. काही पेपर वगळतात, काही नाही, आणि टक्केवारी तेवढ्यानेच हलते. महिन्याचा ईसीजी मिळवणं सगळ्यात कठीण जाईल. रुग्णाला त्यासाठी नागपूरला बोलावू नका, तालुक्याच्या दवाखान्यात काढून फोटो मागवा. तशी परवानगी एथिक्स कमिटीच्या अर्जातच मागून ठेवा.