हळूहळू म्हणजे किती?
चिंताविकारावरील गोळ्या, त्यांचे दुष्परिणाम आणि वैद्याचे कर्तव्य

आमचे चिकित्सालय नांदेड येथे आहे आणि आठवड्यातून एक दिवस लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने आम्ही लातूर येथे रुग्णतपासणीसाठी जातो. दोन्ही ठिकाणी एक प्रसंग आता नित्याचा झाला आहे. रुग्ण समोर बसतो, आम्लपित्त, निद्रानाश, शिरःशूल किंवा दौर्बल्य अशी तक्रार सांगतो, नाडी दाखवतो आणि उठता उठता पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढून विचारतो, "साहेब, या गोळ्या सुटतील का?" पाकिटावर बहुधा एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन अथवा फ्लुओक्सेटिन यांपैकी एक नाव असते, पुष्कळदा जोडीला क्लोनॅझेपाम असते. रुग्ण या सर्वांना सरसकट 'टेन्शनची गोळी' म्हणतो.

या प्रश्नाला आपण वैद्यमंडळी काय उत्तर देतो, यावर रुग्णाचे पुढील कित्येक महिने अवलंबून असतात. म्हणून या विषयातील आमचा अनुभव आणि त्यातून घेतलेला धडा वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

उद्वेगाची पार्श्वभूमी

चिंता, भय, उद्वेग यांची गणना चरकाचार्यांनी विमानस्थानात मानसविकारांत केली आहे. मराठवाड्याला हे शब्द ग्रंथातून शिकावे लागत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगडामातीच्या घरांखाली गेली. त्या पिढीतील काही रुग्ण आजही पहाटे चारच्या सुमारास दचकून जागे होतात आणि पक्क्या घरात असूनही अंगणात येऊन बसतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी प्यावे लागले. सोयाबीनचा भाव आणि पावसाचा भरवसा या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात नाहीत. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी गावोगावची मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यापैकी कित्येकांची भूक आणि झोप निकालाच्या भीतीने हरपलेली असते.

"जीव घाबरा व्हायलाय", "छातीत धडधड व्हायलीय", "काही गोडच लागंना" ही वाक्ये आम्ही रोज ऐकतो. अशा रुग्णाला मनोविकारतज्ज्ञांनी गोळी दिली असेल, तर ती सकारणच दिलेली असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 'ॲलोपॅथीची गोळी' एवढ्याच कारणासाठी तिच्याकडे शत्रू म्हणून पाहणे वैद्याला शोभत नाही.

आमच्याकडून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी अहमदपूर तालुक्यातील एक शेतकरी आमच्याकडे आले. वय चाळिशीचे. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनॅझेपाम आठ महिन्यांपासून चालू होते. धडधड थांबली होती, शेतीची कामे पूर्ववत सुरू झाली होती. मात्र गोळीमुळे सुस्ती राहते, आणि आणखी एक अडचण आहे, असे म्हणून ते थांबले. सोबत पत्नी होती. आम्ही ती अडचण विचारली नाही. "आता बरे आहात ना, मग हळूहळू सोडा," असे म्हणून आम्ही रसायन चिकित्सा लिहून दिली.

सहाव्या दिवशी त्यांच्या भावाने त्यांना जीपमधून आणले. चक्कर, मळमळ, हातापायांना कंप आणि मान वळवताच डोक्यात वीज चमकल्यासारखी संवेदना, अशी लक्षणे होती. तीन रात्री झोप नव्हती. आम्ही वातप्रकोप म्हणून त्याकडे पाहिले आणि मूळ व्याधी उलटला, असा निष्कर्ष काढला. सुदैवाने त्याच दिवशी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची बुद्धी झाली. तज्ज्ञांनी सांगितले की व्याधी उलटलेला नाही. दोन्ही गोळ्या चार दिवसांत बंद केल्याचा हा परिणाम आहे. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. दूरध्वनीवर एवढेच विचारले, "हळूहळू म्हणजे किती, हे सांगितले होते का?"

आम्ही ते सांगितले नव्हते. रुग्णाच्या लेखी चार दिवस म्हणजे 'हळूहळू'च होते. आणि जी अडचण आम्ही विचारली नाही, ती मैथुनविषयक होती. गोळी सोडण्याची घाई तिच्यामुळेच झाली होती, हे नंतर कळले.

दुष्परिणामांचा काल

निदानपंचकात आपण उपशय-अनुपशय पाहतो. येथे त्याच्या जोडीला कालाचा विचार अत्यावश्यक आहे. तक्रार गोळीपूर्वीची, गोळीनंतरची की गोळी सोडल्यानंतरची, या एका प्रश्नाने अर्धे निदान होते.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, द्रवमल, शिरःशूल, अस्वस्थता, झोप कमी वा जास्त होणे ही लक्षणे दिसतात. काही रुग्णांत चिंता प्रथम वाढते. गुण येण्यास मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि लाभ नंतर, असा या औषधांचा क्रम आहे. हे कोणी समजावून न सांगितल्यामुळे बरेच रुग्ण आठव्या दिवशीच गोळी टाकून देतात. सुरुवातीचे हे त्रास बहुधा आपोआप ओसरतात.

पुढील काळात स्वेदाधिक्य, मुखशोष, वजनवाढ, भावना बोथट झाल्यासारखे वाटणे आणि मैथुनविषयक तक्रारी राहू शकतात. कामेच्छा मंदावणे, पुरुषांत वीर्यस्खलनास विलंब, स्त्रियांत तृप्तीचा अभाव या तक्रारी वारंवार आढळतात, परंतु रुग्ण त्या स्वतःहून सांगत नाही. मग तो बसस्थानकाजवळच्या भिंतीवरील जाहिरात वाचून भलत्याच ठिकाणी पोहोचतो. एकांतात, सहज स्वरात विचारल्यास तो मोकळेपणाने बोलतो. यावर आपण परस्पर वाजीकरण योग देत बसण्यापेक्षा मूळ चिकित्सकाला कळवावे. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे असे पर्याय त्यांच्यापाशी असतात.

वृद्ध रुग्णांत, विशेषतः रक्तदाबासाठी मूत्रल गोळी चालू असल्यास, रक्तातील सोडियम घटून भ्रम, अतिक्लम आणि तोल जाणे ही लक्षणे उद्भवतात. त्यांना वार्धक्यातील वात समजू नये. त्याच दिवशी रक्ततपासणी करावी. तसेच या गोळ्यांसोबत ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. आपल्याकडे कंबरदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी घेण्याची सवय आहे, म्हणून हा प्रश्न आवर्जून विचारावा.

वैद्याला काय करता येते

आपल्या हाती पुष्कळ आहे. मळमळ असता गोळी जेवणानंतर घ्यावी, आहार लघु व थोडा थोडा असावा. साळीच्या लाह्यांचे पाणी, जेवणापूर्वी आल्याचा लहान तुकडा व सैंधव यांनी बहुतेकांना आराम पडतो. रक्तदाबाचा रुग्ण असल्यास सैंधव वगळावे. द्रवमलात जिरेपूड घातलेले ताजे ताक द्यावे. मुखशोषासाठी वारंवार घोटभर पाणी आणि मनुका उपयोगी पडतात. झोप उडत असल्यास गोळी सकाळी घेता येईल का, सुस्ती येत असल्यास रात्री घेता येईल का, हे तज्ज्ञांना विचारून घ्यावे. बरेचदा केवळ वेळ बदलल्याने काम होते. रात्री तिळतेलाने पादाभ्यंग, सायंकाळनंतर चहा वर्ज्य, उठण्याची वेळ निश्चित, हे उपाय साधे आहेत, पण पाळले जातील असे लिहून द्यावे लागतात. वजनवाढीवर रोजचे चालणे आणि ज्वारीची भाकरी यांचा पुरस्कार करावा.

सर्वांत मोठे साधन सत्त्वावजय हे आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, असे त्याचे स्वरूप आचार्यांनी सांगितले आहे. रुग्णाजवळ दहा मिनिटे बसून 'हा त्रास गोळीचा आहे, तो बहुधा ओसरेल, आणि न ओसरल्यास त्यावर मार्ग आहे' एवढे समजावले, तरी त्याचे अर्धे भय कमी होते.

सर्पगंधेचा धडा

निद्रानाश आणि रक्तदाब यांसाठी सर्पगंधायुक्त गोळी लिहिण्याची आपल्यातील अनेकांची सवय आहे. या वनस्पतीचा इतिहास प्रत्येक वैद्याने जाणून घ्यावा असा आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांतील तिचा उपयोग आधुनिक वैद्यकापुढे मांडला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि सर्पगंधा जगभर गेली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे हे द्रव्य घेणाऱ्या काही रुग्णांत गाढ खिन्नता आल्याच्या नोंदी झाल्या. रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन आदी द्रव्यांचा साठा रिता करते, असे दिसून आले. या द्रव्यांचा मनःस्थितीशी संबंध असावा, ही कल्पना ज्या निरीक्षणांतून बळावली, त्यांपैकी हे एक होय. सेरोटोनिनची उणीव हेच खिन्नतेचे कारण, इतके सोपे समीकरण आता मानले जात नाही. तथापि आज रुग्णाच्या पिशवीत असलेली गोळी त्याच विचारपरंपरेतून आलेली आहे.

तात्पर्य असे की, एक गोळी सेरोटोनिनचे कार्य वाढवीत असताना आपण दुसऱ्या हाताने त्याचा साठा रिता करणारे औषध देणे म्हणजे रुग्णाला दोन्ही बाजूंनी ओढणे होय. चिंता वा खिन्नतेच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णास सर्पगंधा देऊ नये. तगर, जटामांसी, अश्वगंधा ही द्रव्ये क्लोनॅझेपामसोबत दिल्यास सुस्ती वाढू शकते. त्रिकटूतील पिप्पली व मरिच यांतील पायपेरिन अन्य औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. योगवाही म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, तोच गुण येथे सावधगिरी मागतो. 'आयुर्वेदिक आहे, त्रास होणार नाही' हे वाक्य आपण आपल्या बोलण्यातून काढून टाकावे.

गोळी सोडताना

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, जडलेली अहितकर सवय एकदम न सोडता पादांशाने, म्हणजे चतुर्थांशाच्या क्रमाने सोडावी, असा उपदेश केला आहे. सात्म्य झालेली वस्तू एकाएकी काढली तर शरीर बिघडते, हे तत्त्व त्यांनी ओळखले होते. तत्त्व तेच असले तरी त्या क्रमातील दिवसांचा हिशेब या गोळ्यांना लावू नये. येथे आठवडे, प्रसंगी महिने लागतात, आणि तो आराखडा ज्यांनी गोळी दिली त्यांनीच आखावा. बरे वाटू लागल्यानंतरही सामान्यतः सहा ते बारा महिने औषध चालू ठेवले जाते. पॅरॉक्सेटिन व व्हेनलाफॅक्सिन बंद करताना त्रास अधिक होतो. फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ राहत असल्याने कमी होतो. क्लोनॅझेपाम दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्यास आक्षेपही येऊ शकतात.

गोळी सोडल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर, मळमळ, वीज चमकल्यासारखी संवेदना आली, तर तो बहुधा औषध तोडल्याचा परिणाम असतो. मूळ व्याधी बहुधा सावकाश, काही आठवड्यांनी परततो. हा भेद आम्हाला त्या दिवशी ठाऊक असता तर एका कुटुंबाच्या तीन रात्री वाचल्या असत्या.

विलंब नको

ज्वर, अतिस्वेद, कंप, स्नायूंचा ताठरपणा आणि बेचैनी ही लक्षणे एकत्र दिसल्यास, विशेषतः ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक सोबत घेतले असल्यास, रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. पंचविशीच्या आतील रुग्णांत उपचाराच्या प्रारंभी आत्मघाताचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये तरुणांसाठी हा इशारा औषधावर छापणे बंधनकारक केले. खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर हे पालकांना स्पष्ट सांगावे. असा विचार मनात येतो का, हे थेट विचारल्याने तो वाढत नाही. शासनाची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. आम्ही तो क्रमांक चिकित्सापत्रावर लिहूनच देतो.

उपसंहार

आता आमच्याकडे रुग्ण बसला की नाडीपूर्वी आम्ही पिशवी उघडावयास सांगतो. गोळ्यांची नावे, मात्रा आणि प्रारंभाची तारीख लिहून घेतो. न सांगितलेली अडचण विचारतो. आम्ही काय देत आहोत, याची चिठ्ठी तज्ज्ञांच्या नावे रुग्णाच्या हाती देतो. काही तज्ज्ञांनी उत्तरादाखल दोन ओळी लिहून पाठवल्या. तेथून संवाद सुरू झाला.

ते अहमदपूरचे शेतकरी पुढे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कित्येक महिन्यांच्या क्रमाने गोळ्यांतून मुक्त झाले. अजूनही पेरणीपूर्वी एकदा भेटून जातात. "गोळ्या सुटतील का?" या प्रश्नाला आम्ही आता 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देत नाही. "सुटतील, पण ज्यांनी सुरू केल्या त्यांच्या सल्ल्याने, तोवर जो त्रास होईल तो आम्हाला सांगा," असे सांगतो. सुज्ञ वैद्यवर्गाने यावर विचार करावा, ही नम्र विनंती.