विज्ञानकथा व अद्भुतकथांतील जीवशक्तीची संकल्पना : ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि तदनंतर

प्रास्ताविक :

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा या दोन्ही वाङ्मयप्रकारांत एक कल्पना वारंवार आढळते. सजीवाच्या ठायी शरीराहून निराळी अशी एखादी शक्ती असते. ती आली की जड द्रव्य सजीव होते, गेली की उरते ते कलेवर. आणि ही शक्ती एकाकडून दुसऱ्याकडे नेता येते, साठवता येते, प्रसंगी चोरताही येते. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातील पोपटात ज्याचा प्राण आहे, अशा राक्षसाची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. तथापि इंग्रजी साहित्यातील ही शक्ती आणि आपल्या परंपरेतील ‘प्राण’ एकच, असे गृहीत धरणे योग्य ठरणार नाही. छांदोग्य व बृहदारण्यक उपनिषदांत ‘श्रेष्ठ कोण’ असा इंद्रियांचा कलह येतो. प्राण निघू लागताच इतर सर्वांची त्रेधा उडते आणि त्याचे श्रेष्ठत्व मान्य होते. हा प्राण श्वासाशी निगडित आहे; यंत्राने मोजण्याची ती वस्तू नव्हे. उलट पाश्चात्त्य विज्ञानकथेतील जीवशक्तीचा जन्म अठराव्या शतकाच्या अखेरीस, विच्छेदनाच्या टेबलावर झाला. विज्ञानाने टाकून दिलेली ही संकल्पना कथेने मात्र का जपली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि समकालीन वाद :

इटलीतील बोलोन्या येथे लुइजी गॅल्व्हानी याने मेलेल्या बेडकाच्या पायांवर विजेचे प्रयोग केले आणि 1791 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राण्याच्या शरीरात स्वतःची अशी वीज असते, हा त्याचा सिद्धांत होता. व्होल्टाने तो अमान्य केला. पण लोकांच्या मनात घर केले ते गॅल्व्हानीचा भाचा जोव्हान्नी अल्दिनी याच्या प्रयोगाने. जानेवारी 1803 मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर याच्या मृतदेहातून त्याने वीज सोडली, तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. मृतदेह जिवंत झाला नाही, हे सांगावयास नकोच. परंतु जीवन आणि वीज यांचे काही नाते असावे, ही शंका पक्की झाली.

याच शंकेतून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये एक कडवा वाद उद्भवला. जॉन ॲबर्नेथी यांनी 1814 मधील व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, जीवन हे शरीररचनेतून निर्माण होत नाही, ते विजेसारख्या एखाद्या सूक्ष्म तत्त्वाच्या रूपाने शरीरात वरून येते. त्यांचेच शिष्य विल्यम लॉरेन्स यांनी याला स्पष्ट विरोध केला. जीवन म्हणजे शरीराच्या क्रियांची बेरीज, त्यासाठी वेगळ्या शक्तीची गरज नाही, असे त्यांचे मत होते. या मताची किंमत त्यांना मोजावी लागली. 1819 मध्ये प्रसिद्ध झालेले आपले व्याख्यानांचे पुस्तक त्यांना मागे घ्यावे लागले आणि 1822 मध्ये, ग्रंथ धर्मनिंदक असल्याच्या कारणावरून, न्यायालयाने त्याला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाकारले. हेच लॉरेन्स कवी शेली यांचे वैद्य होते. मेरी शेली यांच्या कादंबरीची या वादाच्या पार्श्वभूमीवर नव्याने मांडणी करण्याचे श्रेय मुख्यतः समीक्षक मॅरिलिन बटलर यांना द्यावे लागेल.

1816 च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी सुरू झालेली आणि 1818 मध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झालेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी मुळातून वाचणाऱ्यास एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. ज्या प्रसंगासाठी ती ओळखली जाते, तो शरीरात जीव ओतण्याचा प्रसंग अवघ्या काही ओळींत आटोपतो. गडगडणारी यंत्रे आणि कोसळणारी वीज ही 1931 च्या चित्रपटाची देणगी होय. कादंबरीत व्हिक्टर आपले रहस्य सांगण्यास नकार देतो, आणि लेखिकाही ते सांगत नाही. 1831 च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत तिने गॅल्व्हानीच्या विद्येचा उल्लेख केला आहे, इतकेच.

हे मौन अज्ञानातून आलेले नाही, असे मला वाटते. जीव कसा आला, यापेक्षा जीव देणाऱ्याचे पुढे काय कर्तव्य, या प्रश्नात लेखिकेला रस आहे. निर्मिती डोळे उघडते आणि निर्माता पळून जातो. पुढे ती निर्मिती त्याला गाठून सोबतीण मागते. तो प्रथम कबूल होतो आणि अर्धे झालेले दुसरे शरीर स्वतःच्या हातांनी फाडून टाकतो. मागणी न करता ज्याला जीवन मिळाले, त्याचा देणाऱ्यावर काही हक्क आहे की नाही? ॲबर्नेथी आणि लॉरेन्स यांच्यापैकी कोणाचेही म्हणणे खरे ठरले, तरी हा प्रश्न शिल्लकच राहिला असता.

मोजता येणारी शक्ती :

1828 मध्ये फ्रीडरिख व्होलर याने प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि त्या दिवशी जीवशक्तिवाद संपला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात तो इतक्या झटपट संपला नाही. आंरी बर्गसाँ यांनी 1907 मध्ये ‘एलाँ व्हिताल’ अर्थात जीवनप्रेरणेचा सिद्धांत मांडला. त्यावर, मग आगगाडीच्या इंजिनातही ‘धावप्रेरणा’ असते असे म्हणावे काय, अशा आशयाची कोटी जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली यांनी केली. नाव दिल्याने उलगडा होत नाही, हा तिचा मथितार्थ. बर्नार्ड शॉ मात्र या कल्पनेवर लुब्ध होते. 1921 मधील ‘बॅक टू मेथुसेलाह’ या नाट्यपंचकात माणसे निव्वळ इच्छाबळावर तीनशे वर्षे जगतात.

दरम्यान कथेत जीवशक्तीचे स्वरूप पालटले होते. एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या 1871 च्या ‘द कमिंग रेस’मध्ये भूगर्भात राहणारे लोक ‘व्रिल’ नावाची शक्ती काठीतून सोडतात. ती रोग बरे करते आणि नगरेही भस्म करते. हे सामर्थ्य सर्वांच्याच हाती असल्याने त्यांच्यात युद्ध उरलेले नाही. (‘बोव्हरिल’ या गोमांसाच्या अर्काच्या नावात हेच व्रिल दडले आहे. जीवशक्ती बाटलीत भरून विकण्याची कल्पना व्यापाऱ्यांना लगेच सुचली!) येथून जीवशक्ती हे रहस्य न राहता साधन झाले.

‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालेत या दोन्ही अवस्था दिसतात. 1977 च्या चित्रपटातील ‘फोर्स’ सर्व सजीवांतून निर्माण होणारे, त्यांना वेढून असणारे क्षेत्र आहे. ते साधनेने जाणवते. 1999 च्या चित्रपटात मात्र रक्ततपासणी होते आणि पेशींतील ‘मिडीक्लोरियन’ नामक सूक्ष्मजीवांच्या संख्येवरून एका बालकाची पात्रता ठरते. जुने प्रेक्षक नाराज झाले. त्यांचा आक्षेप बहुधा गूढता गेल्याबद्दल होता. मला अधिक गंभीर वाटते ते हे की, संख्या आली की उच्चनीचता आली. साधनेची जागा जन्माने घेतली. रक्तावरून योग्यता ठरवण्याचा परिणाम आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

‘फायनल फँटसी सेव्हन’ या 1997 च्या जपानी व्हिडिओ गेममध्ये ही वाटचाल टोकाला पोहोचते. तेथे ग्रहाचा जीवनप्रवाह एक कंपनी जमिनीतून उपसते आणि इंधन म्हणून विकते. मेलेल्यांचे चैतन्य ज्या प्रवाहात परत मिसळायचे, त्यावरच शहराचे दिवे जळतात. खनिज तेल आणि अणुऊर्जा यांची छाया येथे स्पष्ट आहे.

प्रयोगशाळेकडे वळायचे, तर 2010 मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने रासायनिक पद्धतीने जोडलेला, सुमारे दहा लाख अक्षरजोड्यांचा जीनोम एका जीवाणूच्या पेशीत घातला आणि ती पेशी त्यानुसार वाढू लागली. कोणतीही वेगळी शक्ती त्यात ओतावी लागली नाही. लॉरेन्स यांना हे पाहून समाधान वाटले असते. पण ज्या पेशीत जीनोम घातला ती आधीपासून जिवंतच होती. त्या जीनोममध्ये संशोधकांनी खूण म्हणून सांकेतिक लिपीत आपली नावे लिहून ठेवली आहेत. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने आपल्या निर्मितीला नावच दिले नव्हते. वाचक आजही तिला निर्मात्याच्याच नावाने ओळखतात.